धागा: बघता बघता आपल्याच घरातलं काही निघालं, असं अलीकडे टीव्हीवर काय बघितलंत?

मिरज जंक्शन:
परवा आई झोपल्यावर 'द रेल्वे मेन' लावली. 2023 ची आहे, म्हणजे मी उशीरच केला. चारच भाग. एक बघून झोपू म्हटलं आणि अडीच वाजता चौथा संपला. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून वायू सुटतो आणि स्टेशनवरची माणसं काय करतात, एवढीच गोष्ट. के के मेनन स्टेशन मास्तर झालाय. नट म्हणून तो मोठा आहेच, पण मी त्याचे हात बघत होतो. फोनकडं जाणारे.

माझे वडील मिरजेला सहायक स्टेशन मास्तर होते. आम्ही दादा म्हणायचो. तेव्हा मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, बेळगावकडं मीटरगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडं नॅरोगेज. आम्हाला त्याचं काय कौतुक नव्हतं, जगात सगळीकडं असंच असतं वाटायचं. दादांची रात्रपाळी म्हणजे संध्याकाळी डबा, मफलर, लाल-हिरव्या काचेचा कंदील. सकाळी आले की अंगाला रॉकेलचा वास आणि दुपारपर्यंत आम्ही पोरं कुजबुजत बोलणार. ते रात्रभर तिथं नेमकं काय करतात, हे मी उभ्या जन्मात विचारलं नाही. गाड्या येतात, गाड्या जातात, दादा बघत असतील.

त्या डिसेंबरात मी तिसरीत होतो. सकाळी दादा आले, पाटावर बसले, आईनं भाकरी वाढली आणि एक घास न खाता उठले. रेडिओपाशी जाऊन बसले. भोपाळची बातमी. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "तिकडची माणसं ड्युटी सोडून गेली नसतील." बास. पुढं आयुष्यभर त्यावर एक अक्षर नाही.

चौथ्या भागात हे वाक्य आठवलं आणि मी टीव्ही थांबवून तसाच बसलो. लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी पुढं जात नाही म्हणजे काय, एका माणसाच्या होय-नाहीवर अठरा डबे झोपलेले असतात म्हणजे काय, हे मला पन्नाशीत एका मालिकेनं सांगितलं. निवृत्तीनंतरही पहाटे शिटी ऐकू आली की दादा अंथरुणातून घड्याळ बघायचे आणि पुटपुटायचे, "महालक्ष्मी बारा मिनिटं लेट." आम्ही हसायचो.

तुमचं सांगा. मालिका, माहितीपट, काहीही. परीक्षण नको, ते पेपरात येतं.

हरभट रोड:
आमच्याकडं दुसऱ्या भागालाच लाईट गेली. उरलेलं दोन दिवसांनी बघितलं. मधले दोन दिवस दुकानात बसून हिशेब चुकवत होतो.

जुना गार्ड:
मिरज जंक्शन, त्या पात्रामागं खरा माणूस आहे. गुलाम दस्तगीर, भोपाळचे उपस्टेशन अधीक्षक. गाडी वेळेच्या आधी सोडायचा निर्णय त्यांनी घेतला, आजूबाजूच्या स्टेशनांना कळवून गाड्या थोपवल्या आणि स्वतः तिथंच थांबले. पुढं त्या वायूनं त्यांचा घसा गेला तो गेलाच. 2003 ला वारले. मालिकेत नाव बदललंय आणि चोर-बीर घातलाय, ते ठीक. पण वेळेआधी गाडी सोडणं ही काय चीज आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्यात एक मिनिट आधी सोडली तरी खुलासा द्यावा लागायचा. तुमच्या वडिलांसोबत मी मिरज-पुणे बहुतेक काम केलंय. उंच होते का? पान खायचे?

मिरज जंक्शन:
उंच होते. पान नाही, तंबाखू. आईपासून लपवून.

जुना गार्ड:
मग तेच.

गलाईवाला:
आमी विट्याकडचे. 2003 पासून कोइमतूरात. सोनंचांदी गाळायचं दुकान, दिवसभर भट्टी नि तेजाबाचा वास, रात्री दहाला शटर वडलं की जेवताना एक भाग. 'पंचायत' आमी किती येळा बघितली इचारू नका. पोरगी तमिळ शाळंत हाय, तिला मराठी कमी, हिंदी त्याहून कमी, पण फुलेरातला सचिव काय म्हणतो ते तिला सगळं कळतंय.

त्यात रघुवीर यादवचा प्रधान दुधी वाटत फिरतो बघा, कुणाला काय गोड बोलायचं आसलं की दुधी. आमच्या गावात एक तात्या हुते, त्यांचं शेवग्याच्या शेंगांचं तसंच. शेंगा आल्या की समजायचं, तात्याचं कायतरी काम हाय. मी पयल्या भागालाच बायकोला म्हणलं, तात्या आले. ती तवा लाटणं टाकून हसली.

पर मला ज्यात आडकायला झालं ती पाण्याची टाकी. सचिव टाकीवर चढतो ते सगळ्यांना त्या पोरीसाठी आठवतंय. मला नुसती टाकी दिसली. आमच्याकडं टाकी बांधली हुती 90 च्या आसपास, तिच्यात पाणी कधी आलंच न्हाई. आमी पोरं तिच्यावर चढून लांबची यस्टी बघायचो. टँकर आला का ते बघायला चढवायचे आमास्नी. पाणी न्हाई म्हणून तर अख्खी गावं भारतभर गलाईला गेली. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, चुलतभाऊ ऊस लावतोय, दिवाळीला गेलो तर म्हणतो ये की परत. कसं यायचं. भट्टी ह्यितं, पोरगी ह्यितं.

त्या दिवशी मालिका संपल्यावर बायको म्हणली, टाकी कुठल्या राज्यात हाय ओ? मी म्हणलं, आटपाडी.

कृष्णाकाठ:
गलाईवाला दादा, शेवटची ओळ. काय बोलू.

(बाय द वे ते फुलेरा दाखवलंय उत्तर प्रदेशात पण शूटिंग मध्य प्रदेशात झालंय, सीहोर जिल्ह्यातलं महोडिया गाव. माझ्या भाच्यानं तिथं जाऊन टाकीबरोबर फोटो काढलाय. लोकांना उद्योग नाही.)

अपशिंगेची सून:
पटकन लिहिते, दूध तापत ठेवलंय.

आमचं गाव अपशिंगे मिलिटरी. साताऱ्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: घरटी एक तरी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात गावातले 46 जण गेले, त्यांचा स्तंभ आहे गावात. माझे मिस्टर सध्या वर आहेत, कुठं ते लिहीत नाही.

पंचायत मी आणि सासूबाई बघायचो. त्यांना त्यातला प्रल्हाद फार आवडायचा, उपप्रधान. जाडा, खादाड, हसरा. "ह्यो आपल्या बापूसारखा" म्हणायच्या. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा फौजी मुलगा तिरंग्यात घरी येतो. मला आधी माहीत नव्हतं, नाहीतर लावलंच नसतं. गावात गाडी शिरली तशा सासूबाई उठल्या, काही न बोलता गोठ्यात गेल्या आणि म्हशीला वैरण टाकली. म्हशीपुढं सकाळचीच वैरण पडलेली होती. परत आल्या आणि म्हणाल्या, पुढचं लावू नको.

मी लावलं नाही. दोन वर्षं आमच्या घरात त्या मालिकेचं नाव निघालं नाही. 2024 ला तिसरा सीझन आला, मी गप्प. एक दिवस भाकऱ्या थापताना त्यांनीच विचारलं, "त्या प्रल्हादचं पुढं काय झालं गं? जेवतो का नीट?"

मग बघितलं आम्ही. बसून. सगळं.

दूध उतू गेलं.

आठवा मैल:
अहो ताई!!! मी दुसऱ्या सीझनच्या मध्यावर होतो!!

हरभट रोड:
दादा तो 2022 चा सीझन आहे. एवढ्यात आमच्या शेजारच्या पोराचं लग्न होऊन त्याला पोर झालं.

आठवा मैल:
आमच्या घरात रिमोट माझ्याकडं रविवारी दुपारी 2 ते 4 असतो. हिशेब करा.

वाईची लेक:
बघण्याचं नाही, दाखवण्याचं सांगते, चालेल ना? माझं माहेर वाईजवळ. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस' झाला तेव्हापासून आमच्या भागात कॅमेरा म्हणजे पाहुण्यासारखा, येतो, राहतो, चहा पितो, जातो. आमच्या आजीचा वाडा एका मालिकेनं (नाव नाही घेत) चार महिने भाड्यानं घेतला होता. त्या मालिकेत घरातले आजोबा वारलेले. तर त्या जिवंत, चांगल्या धडधाकट नटाचा फोटो आमच्या ओसरीवर, त्याला चंदनाचा हार.

आजीला ते सहनच होईना. जित्या माणसाला हार घालत्यात, त्याची बायको काय म्हणंल! शूटिंग संपलं की रोज रात्री ती हार काढून ठेवायची. रोज सकाळी युनिटमधला एक पोरगा हुडकत यायचा, "आजी हार?" आजी म्हणायची मला काय माहीत, उंदरानं नेला असंल. शेवटी त्या नटानंच तिच्या पाया पडून सांगितलं की आजी, मला काही होत नाही, घालू द्या हार, त्याचेच पैसे मिळतात. तेव्हा थांबली.

मालिका लागल्यावर मजा. गोष्ट काय चाललीय, सून छळतेय का सासू, आजीला पत्ता नाही. ती कोपरे बघायची. "माझा हंडा!" "अगं दिवळी बघ, त्यातली पणती कोणी हलवली?" सगळं गाव खलनायिकेला शिव्या देतंय आणि आजी म्हणतेय, तिच्या मागं बघ, कौलातनं पाणी गळतंय, मी त्यांना सांगितलं होतं. जाताना त्यांनी पाचपन्नास कौलं फोडून ठेवली ती शेवटपर्यंत आमच्याच गळ्यात पडली.

आजी गेली मागच्या वर्षी. ती मालिका आता फोनवर मिळते. मी आवाज बंद करून लावते कधीतरी. 37 व्या भागात दाराच्या फटीतून लुगड्याचा काठ दिसतो. तिला सांगितलं होतं शॉट चालू असताना बाहेर येऊ नको.

पोवई नाका:
वाईची लेक, आता वर बघायला लावलंत. 'देवमाणूस'पण आपल्याच जिल्ह्यातली ना? वाईचं 2016 चं, डॉक्टरनं केलेल्या खुनांचं प्रकरण ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना ती मालिका म्हणून बघताच आली नाही. माझी मावशी धोमकडची. म्हणायची, डॉक्टर गोड बोलला की मी आता आधी बिल बघते.

लॉकडाऊनमध्ये मुंबईत शूटिंगला अडचण होती म्हणून कितीतरी मालिका इकडं आल्या. त्यातच 'आई माझी काळूबाई'च्या सेटवर कोरोना पसरला आणि आशालताबाई गेल्या, सप्टेंबर 2020, साताऱ्यातच. माझ्या आईला त्या फार प्रिय. ती म्हणाली, आपल्या गावात आलेलं माणूस असं जायला नको होतं. जणू आमचीच चूक.

वाईची लेक:
हो ना हो. तेव्हा गावात सगळ्यांच्याच मनाला लागलं होतं ते.

हळदपेठ:
'स्कॅम 1992'. 2020 ची आहे, दहा भाग. प्रतीक गांधी. तो हसतो तेव्हा समोरच्याचा खिसा आपोआप उघडतो, असला नट.

आमच्या घरात ती दोघांनी मिळून बघितली, माझे वडील आणि काका. वडील मार्केट यार्डात हळदीचे अडत्या. काका नोकरीत. 92 ला काकांनी पीएफमधून पैसे काढून शेअर घेतले. वडील म्हणाले, मला नको, मी हळदीचा वायदा बघितलाय, कागदावरच्या मालाला वास नसतो. काकांचे बुडाले. तेरा वर्षं वडिलांनी तेवढं एकच वाक्य जपून वापरलं. लग्नात, बारशात, दिवाळीला. "कागदाला वास नसतो."

मग 2005 चा पूर. वडिलांचा माल हरिपूरच्या पेवांत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. हरिपूरची माती अशी की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पाणी कधी शिरलं नव्हतं. त्या वर्षी शिरलं. पेवं उघडली तेव्हा जो वास आला तो अर्ध्या सांगलीनं घेतला असेल.

तर 2020 ला दोघं म्हातारे सोफ्यावर, दहा भाग, शेजारी शेजारी. भाव चढायला लागला की काका उसासा टाकणार, वडील पाय हलवणार. सातव्या का आठव्या भागात सगळं कोसळायला लागलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "वास येतोय का रे दादा?"

आई स्वयंपाकघरातनं ओरडली, तुम्ही दोघं बंद करा ते, जेवायला बसा.

कृष्णाकाठ:
हाहाहा वास येतोय का रे दादा

पुराचं नाव निघालंच आहे तर. '2018' म्हणून मल्याळी सिनेमा आहे, केरळच्या पुरावरचा. सिनेमा आहे, मालिका नाही, पण आम्ही घरीच बघितला म्हणून चालवून घ्या. 'चांगला आहे बघ' म्हणून चौघांनी सांगितलं. मी पंचवीस मिनिटं बघितला.

2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडं शाळेतली पोरं पाढ्यासारखं म्हणतात. आम्ही गावभागात. पहिला मजला गेला तेव्हा गच्चीवर. सिनेमात पाणी दारातून येतं, मोठा आवाज होतो. खऱ्यात आवाज नसतो. मोरीतून येतं. आधी बाथरूममधली चप्पल तरंगते. तेवढं बघितलं असतं तर मी पुढं बघितला असता का माहीत नाही.

मुलगा म्हणाला, आई एवढं मोठं संकट दाखवलंय, तू चपलेचं काय घेऊन बसलीस. तो तेव्हा पुण्यात होता.

कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे मी अजून जुलैत रोज बघते. त्यापुढं कुठली मालिका.

हरभट रोड:
ताई आमची निळी चप्पल होती. नावच काढू नका.

सतारमेकर गल्ली:
मिरज जंक्शन साहेब, आम्ही तुमच्या स्टेशनापासून दहा मिनिटांवर. 'बंदिश बँडिट्स' घरातल्या सगळ्यांनी बघितली, दुसरा सीझन 2024 च्या डिसेंबरात आला तो पण. आमच्यात कोणी गाणं ऐकत नाही हो. पडद्यावर तानपुरा आला की सगळे पुढं झुकतात. तारांखालची घोडी बघा, भोपळा बघा, पॉलिश कुणाचं असेल. अब्बा तर म्हणतात आवाज कमी कर, दिसत नाही!

भोपळे आमच्याकडं पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. यंदा पाऊस झाला तर पातळ सालीचे, नाहीतर जाड. मग लाकूड, मग हाडाचं काम, मग शेवटी जवारी. जवारी म्हणजे घोडीला इतकं बारीक घासायचं की तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. ते यंत्रानं होत नाही. अब्बांचे डोळे गेले तरी जवारी तेच काढतात, कानानं. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पेपरात फोटो आले, गल्लीत पेढे वाटले. गिऱ्हाईक वाढलं का? थोडं. पोरं परत आली का? माझा धाकटा भाऊ पुण्यात गाडी चालवतो.

मालिकेत एक प्रसंग होता घराण्याच्या वारशाचा, त्यावर बायको रडली. अब्बा म्हणाले, तार उतरलीय त्या तानपुऱ्याची, एवढी मोठी हवेली आणि एक कान पिळणारा माणूस नाही.

नाट्यपंढरी:
सगळ्यांचं वाचलं. छान. पण ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं त्या सांगलीच्या धाग्यावर नाटकाचं एकही नाव नाही याची नोंद व्हावी.

आठवा मैल:
काका धागा टीव्हीचा आहे.

नाट्यपंढरी:
नोंद व्हावी एवढंच म्हटलं.

शिराळ्याचा पाटील:
मला जनावरांचंच आवडतं. अटेनबरो आजोबांचं 'प्लॅनेट अर्थ थ्री' आलं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. आमचे आबा 84 चे, ते म्हणतात हा माणूस माझ्यापेक्षा मोठा असून चढ चढतो, मला तुम्ही मळ्यात जाऊ देत नाही.

तर एका रात्री आम्ही ते लावलेलं आणि मुकादमाचा फोन. उसात बिबट्याची तीन पिल्लं. टोळी फडातनं बाहेर येऊन उभी, कोयते खाली. चांदोली जवळ, त्यामुळं बिबट्या आम्हाला नवा नाही, आता तर उसातच वितात, त्यांच्या पिल्लांना जंगल म्हणजे ऊसच वाटत असणार. वनखात्याची माणसं आली. पिल्लं द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवली, सापडली तिथंच, कॅमेरा लावला आणि आम्हाला हाकललं. रात्री आई आली, एकेक करून तोंडात धरून नेली. सकाळी त्यांनी ती चित्रफीत दाखवली. हिरवट उजेड, दोन डोळे. मागं क्रेटवर आमच्या बागेचं नाव मोठ्या अक्षरात.

आबा म्हणाले, आता आवाज तेवढा त्या म्हाताऱ्याचा घाला.

टोळीवाल्यांनी दोन दिवस त्या फडाला हात लावला नाही. कारखान्याचा तोडीचा नंबर गेला, ऊस वाळला. ते कुठल्या माहितीपटात येत नाही.

आणखी एक, 'द एलिफंट व्हिस्परर्स'. ऑस्कर मिळालं 2023 ला. मुदुमलाईचे बोम्मन आणि बेल्ली, आणि त्यांनी वाढवलेला रघू. रघूला दुसरीकडं नेतात तिथं आमच्या घरात सगळे गप्प होते. पुढं 2025 ला नांदणीच्या मठाची माधुरी हत्तीण जामनगरला नेली तेव्हा आई म्हणाली, हे आपण आधी बघितलंय.

पोवई नाका:
माधुरीवरून इथं सुरू होऊ नका कृपया. मागच्या वेळी दोन दिवस चाललं होतं आणि तीन जणांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

शिराळ्याचा पाटील:
मी आईचं वाक्य सांगितलं फक्त. थांबतो.

कोरेगाव रस्ता:
फोनवरून लिहितोय, चुका संभाळून घ्या. 'तुफान आलंया' आठवतं का कुणाला, पाणी फाउंडेशनचं? अलीकडचं नाही म्हणता येणार. पण आमच्या तालुक्यातल्या वेळूला 2016 ला पहिला वॉटर कप मिळाला आणि मग टीव्हीवर आपल्यासारखी भाषा, आपल्यासारखे टॉवेल डोक्याला बांधलेले लोक. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी घरात झाडू मारला नाही, ते श्रमदानाला गेले आणि टीव्हीत दीड सेकंद दिसले. ते दीड सेकंद आमच्याकडं लग्नाच्या कॅसेटपेक्षा जास्त वेळा बघितलेत. खोरं उलटं धरलंय त्यांनी.

अपशिंगेची सून:
हाहा. खोरं उलटं.

मिरज जंक्शन, तुमच्या आईंनी बघितली का मालिका?

आठवा मैल:
'मानवत मर्डर्स' कुणी बघितली? आशुतोष गोवारीकर पोलीस अधिकारी झालाय, रमाकांत कुलकर्णी. तो दिग्दर्शक म्हणून मोठ्या लांबीचे सिनेमे करतो आणि इथं नट म्हणून एक शब्द जास्त बोलत नाही. मकरंद अनासपुरे असा दिसेल वाटलं नव्हतं, त्याला बघून आमच्यात कोणी हसलं नाही ही पहिलीच वेळ. रविवारी 2 ते 4 मध्ये चार रविवार लागले. कुणी शेवट सांगू नका, एक भाग राहिलाय.

हरभट रोड:
त्यात आरोपी कोण ते 1974 च्या आसपास पेपरात आलंय रे.

मिरज जंक्शन:
अपशिंगेच्या ताई, काल दाखवली. म्हणजे मी तिला आधी हा धागा वाचून दाखवला, सगळ्यांचा, आणि मग पहिला भाग लावला. वीस मिनिटांत म्हणाली बंद कर, मला दादांच्या ड्युटीचं सगळं ठाऊक आहे.

आणि मग एक सांगितलं. म्हणाली, तू लिहिलंयस ते चूक आहे. त्या सकाळी दादा ताटावरून उठले ते भोपाळमुळं नाही. भोपाळचं त्यांना रेडिओवर नंतर कळलं. आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं, लोंढ्याला बदली येणार होती आणि मी म्हटलं मी पोरांना घेऊन येणार नाही. त्याच रागात ताटावरून उठले.

मी चाळीस वर्षं ते ताट भोपाळच्या नावानं धरून बसलोय.

जुना गार्ड:
मग मास्तर लोंढ्याला गेले का? मला आठवत नाहीत गेलेले.

मिरज जंक्शन:
नाही. रद्द झाली. ते "ड्युटी सोडून गेली नसतील" वाक्य खरं का, तेही विचारलं. म्हणाली, ते खरं. पण तुला नाही म्हणाले, मला म्हणाले. तू झोपला होतास.

सतारमेकर गल्ली:
आणि ताटाचं काय झालं?

मिरज जंक्शन:
आईनं झाकून ठेवलं होतं. दुपारी उठून तेच खाल्लं म्हणे. मेथीची भाजी होती.